नजरेने घडलेले पंख

हे वाचताना घाई करू नका. एखाद्या परिच्छेदापाशी थांबावंसं वाटलं तर थांबा, डोळे मिटा, पुढचं नंतर वाचा. ज्या गोष्टीकडे इथे पाहायचं आहे ती पहिल्यांदा ज्याला उमगली, त्याला त्यासाठी अकरा वर्षं जंगलात काढावी लागली.

आधी मन एका जागी नेऊन बसवू. ॲमेझॉनच्या वरच्या अंगाला, समुद्रापासून खूप आत, एक मोठं तळं आहे आणि तळ्याच्या काठी एगा नावाचं गाव. आज त्या गावाला तेफे म्हणतात. काळ १८५० च्या दशकातला. शे-सव्वाशे घरं, पुढे पाणी, मागे लगेच जंगल. त्या जंगलाच्या वाटेने एक इंग्रज तरुण निघाला आहे. त्याच्याकडे नीट पाहा. डाव्या खांद्याला दुनळी बंदूक. उजव्या हातात कीटक पकडायची जाळी. डाव्या बाजूला चामडी पिशवी, तिच्या एका कप्प्यात किड्यांची पेटी, दुसऱ्यात दारू आणि छर्रे. उजव्या बाजूला लाल चामड्याच्या वाद्या लोंबणारी शिकारपिशवी. सरडे, साप, बेडूक त्या वाद्यांना बांधून आणायचे. आणि सदऱ्यावर टाचण्यांची छोटी गादी, तिच्यात सहा मापांच्या टाचण्या. हे सगळं त्याने स्वतःच एका पत्रात लिहून ठेवलं आहे.

हा हेन्री वॉल्टर बेट्स. लेस्टर शहरातल्या मोजे विणणाऱ्या कारखानदाराचा मुलगा. बारा-तेरा वर्षांचा असतानाच शाळा सुटली आणि तो एका मोजेवाल्याकडे उमेदवारीला लागला. दिवसाचे तेरा तास काम, उरलेल्या वेळात कामगारांच्या संस्थेतले रात्रीचे वर्ग, आणि सुट्टीच्या दिवशी चार्नवुडच्या रानात भुंगेरे गोळा करणं. पुढे लेस्टरमध्येच त्याची गाठ आल्फ्रेड रसेल वॉलेस या तरुण शिक्षकाशी पडली आणि भुंगेऱ्यांचं वेड दोघांचं झालं. १८४८ च्या एप्रिलमध्ये दोघे लिव्हरपूलहून जहाजात बसले. खर्च कसा भागवायचा, तर किडे, पक्षी, शिंपले गोळा करून लंडनच्या दलालाकडे पाठवायचे आणि ते विकून येतील त्या पैशांवर पुढचा प्रवास. घराणं नाही, पदवी नाही, सरकारचा आधार नाही. वॉलेस १८५२ मध्ये परतला. बेट्स मात्र १८५९ पर्यंत तिथेच राहिला.

या अकरा वर्षांत त्याने १४,७१२ जातींचे प्राणी गोळा केले, बहुतेक सगळे कीटक. त्यांतल्या सुमारे ८,००० जाती विज्ञानाला नव्या होत्या. आकडा मोठा आहे; पण मला त्या आकड्यापेक्षा एगामधल्या त्याच्या पहिल्या मुक्कामाची आठवण जास्त येते. वर्षभर पत्र नाही, पैसे नाहीत. कपड्यांच्या चिंध्या झाल्या, पायांत घालायला काही उरलं नाही, नोकर पळून गेला, जवळच्या पैशांची चोरी झाली. वाचायला मिळालेलं एक साप्ताहिक तो तीन-तीनदा वाचायचा: पहिल्यांदा आवडीचे लेख, दुसऱ्यांदा उरलेलं सगळं, तिसऱ्यांदा जाहिराती. नुसता निसर्ग माणसाच्या मनाला पुरत नाही, असंही त्याने प्रांजळपणे लिहून ठेवलं. मला हे कबूल करणं फार मोलाचं वाटतं. जंगलात राहणाऱ्याला एकटेपणा छळतच नाही असं आपण दुरून समजतो. त्याला तो छळत होता, आणि तरी तो दुसऱ्या दिवशी जाळी घेऊन निघत होता.

आता त्याच्याबरोबर चला. वाट सावलीची आहे. एके ठिकाणी झाड पडल्यामुळे वर आभाळाची फट झाली आहे आणि तिथून ऊन खाली उतरलं आहे. त्या उन्हात फुलपाखरांचा एक घोळका. पंख लांबट, अरुंद, नारिंगी-काळे-पिवळे पट्टे. काहींचे पंख काचेसारखे आरपार. एक गोष्ट लगेच जाणवेल: ही फुलपाखरं घाईत नाहीत. फुलपाखरू म्हणजे तुटक, वेडंवाकडं उडणं हे आपल्या डोळ्यांत बसलेलं असतं. ही तशी उडत नाहीत. सावकाश पंख मारत, तरंगत, कुणाचीच भीती नसल्यासारखी हिंडतात.

इथे थांबू. ज्या जंगलात प्रत्येक फांदीवर कुणीतरी कुणाला खायला टपलेलं आहे, तिथे इतक्या भडक रंगाचा, इतक्या मंद चालीचा जीव कसा टिकत असेल? उत्तर शोधू नका. प्रश्न तेवढा मनात ठेवा. बेट्सनेही तो वर्षानुवर्षं ठेवला होता.

त्याने पाहिलं की पक्षी या फुलपाखरांच्या मागे लागत नाहीत. चतुर झडप घालत नाहीत. सरडे तोंड लावत नाहीत. आणि एक साधीच नोंद त्याने केली, जी मला सगळ्या सिद्धांताहून जवळची वाटते. मारलेली फुलपाखरं तो वाळवायला ठेवायचा. त्या हवेत हे मोठं जिकिरीचं काम. वाळवणाचे पिंजरे छपराच्या वाशांना दोरीने टांगायचे, मुंग्या उतरू नयेत म्हणून दोरीला कडू तेल चोपडायचं, उंदीर येऊ नयेत म्हणून दोरीच्या मध्यावर भोपळ्याची अर्धी कवटी ओवायची. एवढं करूनही किडामुंगी यायचीच. पण या मंद उडणाऱ्या फुलपाखरांना ती सहसा लागत नसे. मेल्यावरही त्यांच्यात असं काहीतरी होतं जे मुंगीलासुद्धा नकोसं होतं.

आज आपल्याला ते काय हे माहीत आहे. या गटातल्या फुलपाखरांचे नर हेलिओट्रोपसारख्या वनस्पतींच्या वाळलेल्या भागांवर जमतात, तिथून कडू अल्कलॉइडं शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी त्यांचा वाटा मादीला देतात. जोडीदाराकडून मिळालेली ही कडूशार ठेव अंगात बाळगत मादी उन्हात हिंडते.

आता घोळक्यातलं एकच फुलपाखरू निवडा. कुठलंही. त्याच्या मागे नजर जाऊ द्या. ते एका पानावर बसतं. जाळी टाका, हलकेच चिमटीत धरा, उलटं करा आणि पाय मोजा. या कडू घराण्यातल्या फुलपाखराचे पुढचे दोन पाय खुरटलेले असतात. चालायला-टेकायला चारच पाय. पण हजारात एखादं असं हाती येतं ज्याचे सहाही पाय धड असतात. पंखांवरचे पट्टे तेच, रंग तोच, उडणंही तसंच मंद. पंखांतल्या शिरांची मांडणी मात्र वेगळी. ते वेगळ्याच कुळातलं, पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांचं नातलग आहे. आपल्या कोबीवर येणारी पांढरी फुलपाखरं याच कुळातली. अशा फुलपाखरांना त्या वेळी लेप्टॅलिस म्हणत, आज डिस्मॉर्फिया म्हणतात. याच्या अंगात कसलाही कडवटपणा असल्याचं दिसत नव्हतं. पक्ष्याने खाल्लं असतं तर गोड मानून घेतलं असतं.

उडताना ही दोन बेट्सलाही वेगळी ओळखता येत नसत. ज्या माणसाने त्या नदीकाठी पिसासारखे हलके हजारो जीव हाताळले होते, त्याची नजर फसत होती. मला वाटतं सगळं इथे आहे. आपली नजर फसली हे कळल्यावर बहुतेक जण पुन्हा नीट पाहतात आणि पुढे जातात. बेट्सने विचारलं की माझी फसते तर आणखी कुणाची फसत असेल?

या प्रश्नाजवळ सावकाश जाऊ. आता माणूस होणं सोडा. एका कोवळ्या पक्ष्याच्या जागी बसा. घरट्याबाहेर पडून थोडेच दिवस झाले आहेत. कुणी काही शिकवलेलं नाही. समोरून नारिंगी-काळं काहीतरी सावकाश जातं. तुम्ही ते पकडता. चोचीत कडवटपणा पसरतो, तुम्ही ते थुंकून टाकता, चोच फांदीवर पुसता. पुन्हा एकदा तसंच होतं, कदाचित आणखी एकदा. मग नारिंगी-काळं आणि मंद दिसलं की तुमची मान आपोआप दुसरीकडे वळते. तुम्ही पाय मोजत नाही. शिरा पाहत नाही. तुमच्याजवळ एक क्षण असतो आणि त्या क्षणात मिळेल तेवढ्या खुणेवर निवाडा करायचा असतो.

आता त्या सहा पायांच्या फुलपाखराचा हजारो पिढ्यांपूर्वीचा पूर्वज समोर आणा. तो पांढरट आहे, पंखांच्या कडेला थोडी मळकट तांबूस झाक. बस्स, एवढंच. शंभरांतल्या नव्याण्णवांना पक्षी ओळखतात. एखाद्याला, ओझरत्या उजेडात, क्षणभर कडू समजतात आणि सोडून देतात. तो जगतो. त्याच्या पिल्लांत ती झाक थोडी जास्त. पुन्हा पक्षी, पुन्हा निवड. जे कमी जुळतं ते खाल्लं जातं, जे जरा जास्त जुळतं ते सुटतं. चित्रकार कुणीच नाही. आपल्याकडे दारावर बहुरूपी येतो, पोलिसाचं सोंग घेऊन दरडावतो. त्याला ठाऊक असतं की आपण कोण आहोत आणि कुणाला फसवतो आहोत. या फुलपाखराला काहीच ठाऊक नाही. आपण कुणासारखे दिसतो हे त्याने कधी पाहिलेलं नाही. त्याच्या पंखावरची प्रत्येक रेघ ही कुठल्यातरी पक्ष्याच्या नजरेने मागे ठेवलेली आहे.

हे वाक्य थोडा वेळ मनात घोळू द्या, कारण त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत. पक्षी चुकला म्हणून एक फुलपाखरू जगलं. आणि पक्षी बरोबर पाहत गेला म्हणून, ढोबळ नकला ओळखून खात गेला म्हणून, उरलेली नक्कल इतकी अचूक झाली. पक्ष्याची नजर मंद असती तर हा पंख एवढा बारकाईने घडलाच नसता. जितका डोळस शिकारी, तितकं सुबक रूप.

बेट्स १८५९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला पोचला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात डार्विनचं जातींच्या उगमावरचं पुस्तक निघालं. दोन वर्षांनी, २१ नोव्हेंबर १८६१ रोजी, लंडनच्या लिनियन सोसायटीत बेट्सचा निबंध वाचला गेला. डार्विन म्हणत होता ती नैसर्गिक निवड होत असेल हे तर्काने पटवता येत होतं. पण ती काम करताना दाखवायची कशी? बेट्सजवळ नदीच होती. तिच्या काठाने काही दिवसांच्या अंतरावर गेलं की कडू फुलपाखरांची जात बदलायची, पट्ट्यांची ठेवण बदलायची. आणि तिथली नक्कल करणारी जातही तिच्याबरोबर बदललेली असायची. इथली नक्कल इथल्या कडूची, तिथली तिथल्या कडूची. केवळ सारख्या हवामानामुळे सगळ्यांचा रंग सारखा झाला म्हणावं, तर त्याच हवेत, त्याच झाडांखाली नक्कल करणाऱ्यांच्याच कुळातली इतर फुलपाखरं साधी पांढरीच राहिली होती. डार्विनला हा निबंध फारच आवडला, त्याने त्याचं परीक्षणही लिहिलं.

बेट्सच्या निबंधात एक सुरवंटही आहे. पानांआडून तो एकदम लांब झाला तेव्हा बेट्स दचकला, कारण समोर लहान विषारी सापाचं तोंड होतं. डोक्यामागचे फुगलेले भाग, दोन्ही बाजूंना बुबुळासकट काळे डोळे. सुरवंटाने अंग मागे टाकलं होतं, त्यामुळे त्याचे मिटून घेतलेले पाय सापाच्या डोक्यावरच्या खवल्यांसारखे दिसत होते. बेट्सने तो गावात नेला आणि ज्याला-ज्याला दाखवला तो घाबरला. जंगलात जन्म गेलेली ती माणसं होती. पतंग व्हायच्या आधीच सुरवंट मेला. इथे एक गोष्ट मनाशी धरावी: भीती ही खरी होती. साप नव्हता, भीती होती, आणि सुरवंटाला वाचवायला तेवढी पुरेशी होती.

पण बेट्सला एक कोडं सुटलं नाही. कडू जातींपैकीही कित्येक एकमेकींसारख्या दिसत. ज्यांना लपायची गरजच नाही त्यांनी दुसऱ्याचं रूप कशाला घ्यावं? याचं उत्तर फ्रिट्झ म्युलर या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने दिलं. तो दक्षिण ब्राझीलमध्ये ब्लुमेनाउला शेती करून राहत होता. १८७८-७९ मध्ये त्याने मांडलं की पक्ष्याला धडा शिकायला काही फुलपाखरं मारावीच लागतात. दोन कडू जातींचं रूप वेगळं असेल तर प्रत्येक जातीला आपापले बळी द्यावे लागतील. रूप एकच असेल तर तेवढेच बळी दोघींत वाटले जातील. फसवणूक कुणाचीच नाही. पक्ष्याचं शिकणंही स्वस्तात होतं. मला या विचारात फार समाधान मिळतं. एकाच उन्हात उडणाऱ्या त्या घोळक्यात एखादं फुकट लाभ घेणारं आहे, आणि बाकीची कितीतरी एकमेकांचा भार वाटून घेणारी आहेत. डोळ्यांना सगळी सारखीच.

फुकट लाभ घेणारे आणि भार वाटून घेणारे यांच्यामधली रेघही आपण समजतो तितकी ठळक नाही. अमेरिकेत जेन व्हॅन झँट ब्राउअर यांनी १९५८ मध्ये पिंजऱ्यातल्या ‘जे’ नावाच्या पक्ष्यांवर प्रयोग केले. कडू मोनार्क फुलपाखरू चाखलेल्या पक्ष्यांनी त्याच्यासारखं दिसणारं व्हाइसरॉय टाळलं. बेट्सचं म्हणणं प्रयोगात उतरलं. पुढे कितीतरी वर्षं व्हाइसरॉय हे गोड, निरुपद्रवी नकलेचं उदाहरण म्हणून पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. १९९१ मध्ये दिसून आलं की ते स्वतःही चवीला वाईटच असतं. ते म्युलरच्या बाजूचं निघालं.

आता पुन्हा त्या सहा पायांच्या डिस्मॉर्फियाकडे येऊ, कारण त्याच्यापाशी आपण पुरेसं थांबलो नाही. नर हातात घ्या आणि पुढचा पंख अलगद वर सरकवा. मागच्या पंखाचा जो भाग एरवी त्याच्याखाली झाकलेला असतो, तिथे एक पांढरा डाग आहे. त्याच्या कुळाचा जुना पांढरा रंग. निकाराग्वात सोन्याच्या खाणीवर काम करणाऱ्या थॉमस बेल्टने १८७४ च्या पुस्तकात याचा विचार केला आहे. नर एरवी हा डाग झाकून ठेवतो, आणि मादीला रिझवताना बहुधा उघडा करतो, असं त्याला वाटलं. मादीच्या डोळ्यांना आपल्या कुळाच्या जुन्या रंगाची ओढ राहिली असावी.

इथे बराच वेळ बसायला हरकत नाही. एकाच पंखाला दोन नजरा घडवत आहेत. एक खायला टपलेली, एक जोडीदार शोधणारी. पहिलीने उघडा भाग रंगवला, दुसरीने झाकलेला भाग राखला. जगाला दिसणारं रूप आणि आपल्या माणसाला दिसणारं रूप, दोन्ही खरी आहेत. दोन्हींमुळे तो जगतो.

ही गोष्ट पाहायला ॲमेझॉनला जायला हवं असं नाही. परसातल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर काळ्या रंगाचं, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेलं कॉमन मॉरमन फुलपाखरू आपल्याकडे सर्रास येतं. त्याचे नर सगळे एकसारखे. माद्या मात्र निरनिराळ्या: काही नरासारख्या साध्या, तर काही लाल-पांढऱ्या डागांच्या, हुबेहूब कॉमन रोझ या विषारी फुलपाखरासारख्या. कॉमन रोझचा सुरवंट ईश्वरीच्या वेलीवर वाढतो आणि तिचं विष अंगात साठवतो. मॉरमनच्या या माद्यांबद्दल वॉलेसने १८६५ मध्येच लिहिलं होतं; बेट्सबरोबर जहाजात बसलेला तोच वॉलेस. आणि २०१४ मध्ये कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की मादी साधी दिसणार की विषारी फुलपाखरासारखी, हे डबलसेक्स नावाचं एकच जनुक ठरवतं. एरवी कीटकाच्या शरीराला नराची किंवा मादीची घडण देणारं जनुक ते हेच. दीडशे वर्षांचा माग तिथे येऊन पोचला.

पावसाळा सरत आला की कढीपत्त्यापाशी उभं राहून पाहा. लाल-पांढऱ्या डागांचं फुलपाखरू सावकाश पंख मारत येईल. पंखांकडे पाहू नका, ते पक्ष्यांसाठी आहेत. अंगाकडे पाहा. अंग लालबुंद असेल तर ते खरंच विषारी आहे आणि इथे फार वेळ थांबणार नाही, कारण त्याची वेल दुसरीकडे आहे. अंग काळं असेल तर ती मॉरमनची मादी. तिला धक्का लागला, सावली पडली, की ती मंद चाल विसरून आपल्या कुळासारखी वेडीवाकडी उडत सुटेल. धक्का लागला नाही तर ती कोवळं पान निवडेल, पायांनी ते चाचपेल, पोटाचं टोक खाली वाकवेल आणि एक फिकट पिवळं अंडं ठेवून पुढच्या पानावर जाईल. त्या अंड्यांतून होणाऱ्या मुलींपैकी काही तिच्यासारख्या निघतील, काही साध्या. आणि दोघीही याच झाडावर अंडी घालायला येतील.